मपलं उगवंल का?

संभाव्यतेच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या दहा पानांत एक पिशवी येते. तिच्यात पाच लाल आणि तीन पांढरे चेंडू असतात. कुणीतरी डोळे झाकून त्यातला एक काढतो आणि तो लाल असण्याची संभाव्यता किती, असं आपल्याला विचारतो. असे चेंडू पिशवीत घालून हिंडणारा माणूस मामा चौकापासून कादराबादपर्यंत मी आजवर पाहिलेला नाही. पिशव्या मात्र नवीन जालन्यात पाहिजे तेवढ्या. मे संपत आला की बियाण्यांच्या दुकानांपुढे कपाशी, सोयाबीन, मक्याच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात, आणि प्रत्येक पिशवीवर बारीक अक्षरात संभाव्यता छापलेली असते. कपाशीची असेल तर उगवणक्षमता, किमान 75 टक्के. पुस्तक लिहिणारे इकडे कधी आले नसावेत.

माझी भाची यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. विषय संख्याशास्त्र. तिची वेगळीच अडचण. आजी घरात पत्ते आणू देत नाही आणि विद्यापीठ पत्त्यांशिवाय पास करत नाही. बावन्न पानं, चार रंग, प्रत्येकाची तेरा, राजे चार, हे सगळं तिनं मंत्रासारखं पाठ केलंय. इस्पिकचा एक्का प्रत्यक्षात कसा दिसतो ते तिला मी दाराआड दाखवलं. "मामा, हे शास्त्र सगळं जुगाऱ्यांचंच का?" असं तिनं विचारलं तेव्हा मला खरं ते सांगावं लागलं. 1654 साली पॅरिसच्या एका शौकिनाला खेळ अर्धवट मोडला तर पैसे कसे वाटायचे हा प्रश्न पडला, त्यानं तो पास्कलला विचारला, पास्कलनं फर्माला पत्र लिहिलं, आणि त्या पत्रव्यवहारातून हे शास्त्र उभं राहिलं. त्या शौकिनाच्या जागी आमच्याकडचा एखादा कास्तकार असता, तर पुस्तकातल्या पिशवीत सरकी असती आणि आजीचीही हरकत नसती.

सरकीवरून आठवलं म्हणून सांगतो. जालना, सोने का पालना, असं इथले लोक आजही म्हणतात. सोनं किती उरलं ते सराफ्याला माहीत, पण बियाणं आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथे महिको सुरू केली, त्याआधी भेंडीच्या बियाण्यापासून श्रीगणेशा केला होता, आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या मागोमाग बियाण्याचा धंदा गावात रुजला. कुंडलिका नदीच्या अलीकडे-पलीकडे कुणाचा ना कुणाचा भाऊ, मेहुणा, जावई बियाण्यात असतोच. तेव्हा टक्क्यांची भाषा इथे नवी नाही. गव्हाला 85, हरभऱ्याला 85, सोयाबीनला 70, बीटी कपाशीला 75, ही किमान उगवण इथल्या दुकानातल्या पोरांना तोंडपाठ असते.

अडतं ते दुसरीकडेच. दुकानात ऐकलेला हा संवाद पहा.

"शेठ, ह्ये पंच्याहत्तर म्हंजी काय?"

"शंभरातल्या पंच्याहत्तर बिया उगवणार, काका."

"ते कळलं. मपलं उगवंल का?"

शेठ हसले आणि माल चांगला असल्याचं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण काकांचा प्रश्न इतका खोल आहे की त्यावर तीनशे-साडेतीनशे वर्षं मोठमोठी डोकी खपली आहेत. पिशवीवरचा आकडा पिशवीचाही नसतो. तो त्या सबंध लॉटचा असतो. प्रयोगशाळेत त्यातल्या चारशे बिया, शंभराचे चार भाग करून, ओलाव्यात ठेवतात, उगवलेली रोपं मोजतात आणि टक्के काढतात. म्हणजे जी बी तपासली ती तुमच्या वावरात येत नाही, आणि जी वावरात येते ती तपासलेली नसते. एकेका बीचं विचाराल तर ती एक तर उगवते नाही तर नाही. पाऊण उगवलेली सरकी मी तरी पाहिली नाही.

मग 75चा अर्थ काय? याकोब बर्नुली यानं या एका प्रश्नावर वीस वर्षं घालवली, आणि त्याचं पुस्तक 1713 साली, तो वारल्यावर आठ वर्षांनी छापलं गेलं. प्रयोग जितका वाढवत न्याल तितकं प्रत्यक्षातलं प्रमाण खऱ्या संभाव्यतेच्या जवळ येत जातं, असं त्यानं सिद्ध केलं. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये अडकून पडलेल्या केरिच नावाच्या गणितज्ञानं वेळ घालवायला एक नाणं दहा हजार वेळा उडवलं. छापा 5067 वेळा पडला. अर्ध्याच्या किती जवळ! पण हे दहा हजारांनंतर. पहिल्या दहा फेकींत काय होईल याची हमी बर्नुली देत नाही, केरिच देत नाही आणि शेठही देत नाहीत.

भाचीला हे पटलं, आजीला नाही. आजीला टक्के कळत नाहीत, आणे कळतात. म्हणून मी आण्यांवर आलो. तसंही आपल्याकडे पूर्ण खात्रीची गोष्ट सोळा आणे खरी असते. 75 टक्के म्हणजे बारा आणे उगवेल, चार आणे नाही. आता एका ठिकाणी दोन बिया टोबल्या तर दोन्ही वाया जाण्याची संभाव्यता किती? चार आण्यांचा चौथा हिस्सा, एक आणा. निदान एक तरी रोप येण्याची संभाव्यता पंधरा आणे. तीन बिया टोबल्या तर एका आण्याचा चौथा हिस्सा, जुना एक पैसा. आजी म्हणाली, "मंग यात शिकवायचं काय? आमी दोन-दोनच टोबायचो." भाचीनं वहीत लिहून घेतलं: गुणाकाराचा नियम, आणि पूरक घटना. पिकात नांगे, म्हणजे मोकळ्या जागा, का पडतात आणि ते भरायला बाई का लावावी लागते, हेही या हिशोबात आपोआप आलं.

पण हा हिशोब एका अटीवर उभा आहे. एका बीला दुसरीच्या नशिबाशी काही देणंघेणं नसलं पाहिजे. पुस्तकात याला स्वतंत्र घटना म्हणतात आणि एका ओळीत विषय संपवतात. माझ्या मते सगळ्या शास्त्राची मेख या ओळीत आहे, आणि तीच सगळ्यात घाईनं शिकवली जाते. एका खड्ड्यातल्या दोन बिया स्वतंत्र कशा? माती एक, ऊन एक, आभाळ एक. पावसानं ओढ दिली तर दोघी एकदम जातात. पाऊस वेळेवर येण्याची संभाव्यताही बारा आणेच धरू. पाऊस आला तर दोन्ही बिया फसण्याची भीती एक आणा. नाही आला तर सोळा आणे. दोन्हींचा मेळ घातला की फसण्याची एकूण संभाव्यता येते पावणेपाच आणे. एक आणा कुठे आणि पावणेपाच आणे कुठे! बरं, तिसरी बी टाकली तर? सव्वाचार आण्यांच्या थोडं खाली. बियाणं दीडपट लागलं आणि सुटला जेमतेम अर्धा आणा. कोरड्या आभाळाखाली बी वाढवून उपयोग नसतो हे ज्याला कळलं त्याला स्वतंत्र घटना कळल्या, मग तो परीक्षेला बसो न बसो.

2020च्या खरिपात हे मराठवाड्यानं भोगलं. सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी इतक्या आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं आपणहून दखल घेतली. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी परतीच्या पावसानं शेंगा भिजल्या होत्या, आणि सोयाबीनची साल मुळात नाजूक. एका गावात नांगे पडले तर ते नशीब म्हणता येतं. गावोगाव पडले की समजावं, सगळ्या बियांना मिळून काहीतरी एकच झालंय.

आता पावसाची संभाव्यता आणायची कुठून? पंचांगातून. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी उरेल तसं घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. त्यांत बेडूक, म्हैस आणि हत्ती भरपूर पाऊस आणतात. नऊपैकी तीन. गणितज्ञ लाप्लासची संभाव्यतेची व्याख्या याहून वेगळी नाही: अनुकूल शक्यता भागिले एकूण शक्यता. फक्त त्यानं एक अट घातली होती, की सगळ्या शक्यता सारख्या वजनाच्या हव्यात. म्हैस आणि उंदीर सारख्या वजनाचे धरायला माझं मन घेत नाही. हवामान खातं वाहन धरत नाही, मागच्या पन्नास वर्षांच्या सरासरीशी तुलना करतं. आणि तिसरी पद्धत पारावरची. तिथला जाणता आभाळाकडे बघतो, गुडघा दाबतो आणि म्हणतो, "औंदा हाय." पुस्तकात या तीन पद्धतींना तीन भारदस्त नावं आहेत. परीक्षेत पहिलीला गुण जास्त, पेरणीच्या वेळी तिसरीला.

पारावर अजून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मागलं वरीस कोरडं गेलं, औंदा पडनारच." 2014 कोरडं गेलं तेव्हा हे ऐकलं होतं, आणि 2015ही कोरडंच निघालं. नाण्याला आधीच्या फेकी आठवत नाहीत. पावसाचं थोडं वेगळं आहे, त्याच्यामागे समुद्राचं तापमान वगैरे कारणं असतात; पण आपलं आभाळाकडे येणं आहे आणि ते आज ना उद्या चुकतं होईल, असा हिशोब तिकडे कुणी ठेवत नाही.

आभाळाचं राहू द्या, नळाचं बघू. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. कधी येतो ते विचारू नये. त्यामुळे गल्लीत प्रत्येकाचा आपापला अंदाज असतो. शेजारच्या काकूंचा नियम पक्का: लाइट गेली की समजावं, नळ येतो. भाचीला यात सशर्त संभाव्यता दिसली आणि ती हरखली. लाइट गेलेली आहे हे माहीत असताना नळ येण्याची संभाव्यता! मी तिला म्हटलं, चार रकाने आख. लाइट गेली, नळ आला. लाइट गेली, नळ नाही. लाइट होती, नळ आला. लाइट होती, नळ नाही. काकूंच्या लक्षात फक्त पहिला रकाना राहतो. उरलेले तीन कुणी लक्षात ठेवत नाही, आणि जगातले निम्मे शकुन-अपशकुन या एका रकान्यावर चालतात. भाचीनं कालनिर्णयवर खुणा करायला सुरुवात केली. निष्कर्ष असा निघाला की लाइट रोजच जात होती, त्यामुळे नळाच्या दिवशीही जात होती. दोन्ही घटना स्वतंत्र. काकूंना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, नळ आला की सगळी गल्ली एकदम मोटारी लावते म्हणून लाइट जाते. तसं असेल तर संबंध आहे, पण उलट्या बाजूनं, आणि काकूंनी न शिकता कार्यकारणभावावर बोट ठेवलंय. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावाचं पाणी नुसत्या उतारानं नवीन जालन्यात यायचं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता.

नळाची वाट पाहणं या भागाला पुराणकाळापासून माहीत आहे म्हणा. दमयंती शेजारच्या विदर्भातली, कुंडिनपूरची. तिचा नळ फाशांत सगळं हरून परागंदा झाला आणि ऋतुपर्ण राजाचा सारथी बनला. वाटेत ऋतुपर्णानं एका बेहड्याच्या झाडावर पानं किती, फळं किती ते उभ्या उभ्या सांगितलं. नळाचा विश्वास बसेना. त्यानं रथ थांबवून झाड पाडलं, मोजलं आणि आकडा बरोबर निघाला. मग राजानं त्याला फाशांची विद्या दिली. फाशांचं मर्म आणि झाड न मोजता पानं सांगण्याची कला ज्याला ठाऊक तो एकच माणूस, हे महाभारताच्या वनपर्वात आहे. संख्याशास्त्राचे प्राध्यापक ही गोष्ट मोठ्या प्रेमानं सांगतात. नमुना पाहणीचा इतका जुना दाखला दुसरा सापडणं कठीण.

झाड न पाडता पानं मोजण्याचं काम पुढे आपल्याच माणसांनी शास्त्रशुद्ध केलं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे या दोघांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशात रुजवली. 1954 साली आलेलं त्यांचं पुस्तक शेतकी कॉलेजच्या पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी वापरलं. पद्धत सोपी. कुठलं शेत आणि शेतातला कुठला तुकडा हे माणसानं निवडायचं नाही, यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यानं निवडायचं. कारण माणसाला निवडू दिलं तर पाहुण्यांना दाखवायचं असेल तेव्हा तो चांगला तुकडा निवडतो आणि नुकसान दाखवायचं असेल तेव्हा वाईट. बहुतेक पिकांसाठी दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, तोलायचा. पैसेवारीचा हिशोब त्यावर, आणि पीकविम्याचाही.

आणि इथे पुन्हा ते काका उभे राहतात. पंतप्रधान पीक विमा योजना 2016 साली आली. विम्यात महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न काढतात, मंडळात पिकामागे किमान दहा प्रयोग होतात. सरासरी ठरलेल्या उंबरठ्याच्या खाली गेली तर भरपाई, नाही तर नाही. तुमचं वावर बुडालं आणि मंडळ तरलं, तर सरासरी तरलेली असते. राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी लोटते, तेव्हा मी भाचीला एक गणित घातलं होतं. वर्षात संकष्टी बारा किंवा तेरा, मंगळवार सातातला एक, तर वर्षाला अंगारकी सरासरी किती? उत्तर येतं पावणेदोन. पावणेदोन अंगारकीचं वर्ष कुणी पाहिलंय? गणपतीला ते चालतं. ज्याचं सोयाबीन शेंगांत काळं पडलं त्याला नाही चालत.

बर्नुलीचा हा मोठ्या संख्येचा नियम खरा आहे, पण तो सगळ्यांचा सारखा सखा नाही. मटक्याचं उदाहरण घ्या; वाईट धंदा, पण गणित चोख. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईत येत आणि त्यांच्यावर आकडा लागे. म्हणजे इकडचा कापूसवाला इथल्या आभाळावर जुगार खेळायचा आणि मुंबईकर तिकडच्या कापसावर. आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. रुपयामागे परत येतात नव्वद पैसे. लावणारा एखाद्या दिवशी जिंकतो. घेणारा रोज हजारो चिठ्ठ्या घेतो, म्हणून त्याला दहा पैसे सुटतातच. बर्नुली नेहमी त्याच्या बाजूला बसलेला असतो. बियाणं कंपनीच्या लाखो पिशव्या, विमा कंपनीची हजारो मंडळं, यांच्याही बाजूला तो बसतो. कास्तकाराच्या हाती उभ्या आयुष्यात खरीप येऊन येऊन येतात चाळीस, फार तर पन्नास, आणि त्यातलं एक फसलं तर पुढच्या एकोणपन्नासांचा विचार करायला सावकार थांबत नाही. केरिचची दहा हजारावी फेक त्याच्या वाट्याला कधी येत नाही. म्हणून "मपलं उगवंल का" हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. आमच्या भाचीच्या प्रश्नपत्रिकेत तो पाच गुणांना यायला हवा.

तोवर, ज्यांना यंदा घरचं सोयाबीन पेरायचंय त्यांना एवढंच सांगणं आहे. पोत्यातल्या वेगवेगळ्या थरांतून, न निवडता, शंभर बिया घ्या, मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि सावलीत ठेवून आठवडाभरानं कोंब मोजा. एकदा करून थांबू नका. खरी उगवण 70 असली तरी शंभराच्या एका मोजणीत 61पासून 79पर्यंत काहीही येऊ शकतं, तेव्हा चार वेळा शंभर मोजा आणि सरासरी धरा. ती सत्तरच्या थोडी खाली आली तर त्या मानानं बियाणं वाढवा, फारच खाली आली तर ते बियाणं पेरू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत तिफण हलवू नका. आणि बी विकत घेतलं असेल तर पिशवी, तिच्यावरचं लेबल, दुकानाची पावती आणि मूठभर बी काढून नीट ठेवा. उगवलं नाही तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार करताना या चारही गोष्टी लागतात.